खटखटीचं नाव कळेपर्यंत चुकाऱ्याला हात लावू नका

दारव्हा तालुक्यातल्या एका कास्तकार भावाचं पत्र आहे. 2014 ची डिझेल सेडान, 1,38,000 किलोमीटर चाललेली. न्यूट्रलवर उभी असली की बोनेटखालून खटखट येते, रेस दिली की कमी होते. एका गॅरेजवाल्याने उभ्या-उभ्या ऐकून इंजिन खोलायचे 68,000 सांगितले. एजंट म्हणतो, आहे तशी 1,40,000 ला घेतो, वर 6,00,000 चं कर्ज करा आणि नवी न्या. कापसाचा चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, 2,55,000 हातात आहे, गावच्या सोसायटीच्या कर्जाचे 1,60,000 भरायचे आहेत. ‘भाऊ, दुरुस्त करू की बदलू?’

आज यातलं काहीच करू नका.

आधी नव्या गाडीचं बघू. 6 लाख, 10 टक्के, 5 वर्षं धरली तर हप्ता महिन्याला साधारण 12,750 बसतो, म्हणजे वर्षाचे 1,53,000. तुमची गाडी महिन्याला 500 किलोमीटर चालते असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे डिझेल, टायर, विमा धरायच्या आधीच नुसत्या हप्त्याचे किलोमीटरला साडेपंचवीस रुपये! तुमच्या गावात भाड्याची गाडी 14 रुपयांनी मिळते, हेही तुमच्याच पत्रात आहे. आणि हप्ता दर महिन्याला कापतो, कापूस वर्षातून एकदा विकतो. जून-जुलैत बियाणं, खत, डवरणीची मजुरी अंगावर असताना बँकेचा माणूस फोन करेल, तेव्हा कापसाची पऱ्हाटी गुडघ्याएवढीही नसेल. नोकरदाराला जमणारा हप्ता कास्तकाराला जमेलच असं नाही, हे एजंट सांगणार नाही. त्याचं कामच नाही ते.

आता आवाज. मी मिस्त्री नाही, पण विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचा ठोका ऐकत लहानाचा मोठा झालो. इंजिन मंद फिरतं तेव्हा ऑईलचं प्रेशर सगळ्यात कमी असतं. तुमच्या गाडीत टायमिंग चेनचा टेन्शनर (इंजिनातली साखळी ताणून धरणारा भाग) आणि व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट या प्रेशरवरच ताणून राहत असतील, तर ऑईल कमी किंवा पातळ झाल्यावर ते ढिले पडून वाजतात. रेस दिली की प्रेशर वाढतं, आवाज दबतो. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, बेअरिंगचा जड ठोका सहसा उलटा वागतो, रेस दिली की वाढतो. तुमचा कमी होतो, म्हणून मला अजून आशा आहे. तुम्ही ऑईल बदललं गेल्याच्या गेल्या पोळ्याला. बाप्पा, दीड वर्ष झालं की! डिझेलचं ऑईल दोन दिवसांत काळं होतं, त्यामुळे रंगावर जाऊ नका. सकाळी गाडी सपाट जागी उभी करून, सुरू न करता ऑईल मोजायची दांडी काढून पातळी बघा.

मग घरच्या घरी अर्धा तास द्या. थंड इंजिन सुरू करा आणि खटखट पहिल्या काही सेकंदांत जाते की गरम झाल्यावर वाढते ते ऐका. क्लच दाबून धरा. आवाज बदलला तर रोख क्लचच्या किंवा गिअरबॉक्सच्या बेअरिंगकडे आहे, इंजिन खोलायचं काय कारण? एसी चालू-बंद करा. फरक पडला तर कॉम्प्रेसरची पुली बघायची. मग लांब पेचकसाचं टोक अल्टरनेटरच्या न फिरणाऱ्या भागाला टेकवा आणि मूठ कानामागच्या हाडाला. बिघडलेलं बेअरिंग असेल तर कानात दळण दळल्यासारखं येतं. पण गळ्यातला दुपट्टा आधी काढून ठेवा, बेल्ट जवळच फिरत असतो.

माझ्या स्वतःच्या गाडीला मागे असाच आवाज होता. गॅरेजवाल्याने फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते रबर) गेलं म्हणून सांगितलं. निघालं काय, तर सायलेन्सरवरचा उष्णता अडवणारा पत्रा, एका बाजूचा बोल्ट गळून पडलेला.

एवढं करून यवतमाळला दुसऱ्या गॅरेजात जा. ऑईल आणि फिल्टर बदलायला तीन-चार हजार लागतील. वर हजार-दीड हजार नुसत्या तपासणीचे द्या: स्कॅनर लावून इंजेक्टर बघायचे, पुढचा बेल्ट काढून थोडा वेळ इंजिन चालवायचं. बेल्ट काढल्यावर आवाज गेला तर दोष पुलीत, अल्टरनेटरात किंवा कॉम्प्रेसरात. काय खराब आहे ते कागदावर लिहून मागा. नुसतं ‘खोलून बघू’ म्हणणाऱ्याकडे गाडी ठेवू नका.

चेनचं काम निघालं आणि आधीचा ऑईल-तपासणीचा खर्च धरून पूर्ण 68,000 लागले तरी करा. नोंदणी 2029 पर्यंत आहे. तीन वर्षं चालली तरी वर्षाला 22,700 पडतात, हप्त्याच्या सातव्या हिश्शाएवढे. क्रँकचंच निघालं तर मात्र पैसा ओतू नका. दोष सांगून आहे तशी विका, पुढच्या कापसापर्यंत भाड्याने फिरा आणि मग जुनी गाडी रोखीने घ्या. जाड ऑईल टाकून आवाज दाबून विकायची युक्ती तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. घेणारा बहुतेक शेजारच्याच गावचा असेल, एवढं ध्यानात ठेवा.

चुकाऱ्यातून पहिले 1,60,000 सोसायटीचे, 31 मार्चच्या आत. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा फायदा मुदतीत फेडणाऱ्यालाच मिळतो. उरलेल्या 95,000 मधले 25,000 पेरणीसाठी बाजूला काढा, त्यांना गाडीसाठी हात लावायचा नाही. गाडीचं बजेट 70,000, त्यावर एक रुपयाही नाही.

विम्यातून काही मिळेल का, असंही विचारलंय. नाही. झीज आणि यांत्रिक बिघाड साध्या गाडी-विम्यात बसत नाहीत. आणि मधल्या काळात ऑईलचा लाल दिवा लागला, तर ‘घरापर्यंत नेतो’ म्हणू नका. जिथे असाल तिथे गाडी बाजूला थांबवून चावी बंद करा आणि ओढून न्या, नाहीतर चार हजारांचं काम खरंच 68,000 वर जाईल.