खोलीवर स्वयंपाक सुरू केलाय. भाकरी मोडते, डाळ शिजत नाही. आणखी कोणती भांडी घेऊ?

तुम्ही लातूरला नवीन आलात, नॉनस्टिक तव्यावर भाकरी फुगत नाही आणि कितीही शिट्ट्या दिल्या तरी तुरीची डाळ अख्खीच राहते, असं लिहिलंय. माझं ऐकाल तर भांडी वाढवू नका. एक तवा तेवढा बदला, आणि पीठ-पाणी बघा.

डाळीचं सोपं आहे. कुकरमध्ये बोअरचं पाणी घालत असाल, तर दोष कुकरचा नाही. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीतलं पेक्टिन घट्ट धरून ठेवतं, म्हणून दाणा मऊच पडत नाही. जारचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या, डाळ अर्धा तास भिजवा, शिजवताना हळद आणि चमचाभर तेल घाला. तेलानं फेस कमी होतो, शिट्टीतून पिवळं पाणी उडत नाही. चिंच-टोमॅटो डाळ शिजल्यावरच. आंबटानंही ती कडक राहते.

आता भाकरी. तिला रिकामा, चांगला तापलेला तवा लागतो, आणि नॉनस्टिकला नेमकं तेच चालत नाही. त्याचा लेप साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे खराब व्हायला लागतो, मोठ्या गॅसवर रिकामा तवा तिथं बघता बघता पोचतो. तो फेकू नका, मंद आचेवर अंडी-धपाटे त्यावरच करा. भाकरीसाठी गंजगोलाईच्या बाजारात जाऊन जाड बुडाचा लोखंडी तवा घ्या. हातात घेतल्यावर जड लागला पाहिजे. पातळ पत्र्याचा मधेच जाळतो आणि कडेला कच्चं ठेवतो. घरी आणल्यावर साबणानं खसखसून घासा, गॅसवर कोरडा करा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवा, गार होऊ द्या. असं तीन-चारदा.

पण निम्मी भाकरी पिठात असते. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, आणि पीठ जुनं झालं की त्याची उरलीसुरली विरी, म्हणजे जुळून राहायची ताकदही जाते. पुडीतलं पीठ कधी दळलेलं असतं देव जाणे. मालदांडी ज्वारी आणा, आठवड्यापुरतीच दळून घ्या. परातीत पिठाला आळं करून उकळतं पाणी ओता, आधी चमच्यानं कालवा, हाताला सोसवलं की तळहाताच्या टाचेनं रगडून मळा. एका वेळी एकाच भाकरीचं मळायचं. थापून झाली की पिठाची बाजू वर ठेवून तव्यावर टाका आणि लगेच वरून पाण्याचा हात फिरवा. पाणी पुरतं वाळायच्या आत उलटायची. उशीर झाला की भेगा पडतात, मग फुगत नाही. दुसरी बाजू नीट भाजली की तवा उतरवून पहिली बाजू थेट जाळावर धरा.

खलबत्ता नसला तरी ठेचा होतो. भाकऱ्या झाल्या की त्याच तव्यावर थोड्या तेलात हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे परता, गॅस बंद करून खडेमीठ टाका आणि तांब्याच्या बुडानं तिथंच रगडा. (पितळी तांब्या असेल तर उत्तम, स्टीलच्याला पोचे पडतात.) ठेचा मात्र लगेच वाटीत काढा. मिठानं लोखंड गंजतं, म्हणून तवा गरम पाण्यानं धुऊन गॅसवर कोरडा करूनच ठेवा.