सिंगापूरला 14 महिने, पॉलिसीला 14 दिवस

इंदूरच्या रामबागेतल्या एका ताईंचं पत्र. मुलगी 21 वर्षांची, पहिलीच नोकरी, पगार हातात 24,000, राहते घरीच. पुढच्या डिसेंबरात, म्हणजे 14 महिन्यांनी, तिला मैत्रिणींबरोबर सिंगापूरला जायचंय, सेंटोसा बेटावरचा युनिव्हर्सल स्टुडिओ बघायला. खर्च 90,000. ती महिन्याला 4,000 बाजूला टाकते. उरलेले आईनं कसे द्यावेत, हा प्रश्न. आणि खाली ता.क.: "एफडी मोडून तिच्या नावानं वर्षाला 60,000 ची पॉलिसी घेतली. कागद येऊन 16 दिवस झाले. दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी 12 लाख, पैसे दुप्पट. बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, एफडीसारखीच आहे, ट्रिपला लागले तर काढून घ्या. मी तीन वर्षांनी शाळेतून रिटायर होतेय."

ताई, सिंगापूर कुठे पळून जात नाही. आधी तो पॉलिसीचा लिफाफा काढा.

ही एफडी नाही, विमा आहे. मधेच हप्ते थांबवले तर भरलेल्यातले थोडेच हाती येतात, आणि तुमच्या ट्रिपपर्यंत तर दुसरा हप्ताही येऊन ठेपेल. "दुप्पट" ऐकायला गोड लागतं. पण पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो, दहावा अकरा, म्हणजे तुमचा प्रत्येक रुपया सरासरी साडेपंधरा वर्षं. पैसे दुप्पट व्हायला लागलेल्या वर्षांनी 72 ला भागलं की व्याजाचा दर अंदाजे कळतो. 72 ला साडेपंधरानं भागा: साडेचार टक्के. तेच 60,000 दहा वर्षं पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारच्या दीर्घ मुदतीच्या बचत खात्यात, टाकून विसाव्या वर्षापर्यंत ठेवले, तर आजचा 7.1 टक्के दर टिकल्यास साडेसतरा लाखांच्या घरात जातात. दर खाली आला तरी 12 लाखांशी तुलना करायला मला लाज वाटेल.

बरं, विमा कुणाचा? जिच्या पगारावर घरात कुणीच अवलंबून नाही, तिचा. आणि हप्ता कुणाचा? जिचा पगार तीन वर्षांनी थांबणार, तिचा. उरलेली सात वर्षं, म्हणजे 4,20,000, कुठून येणार हे मॅडमनी विचारलं नाही. विचारलं असतं तर पॉलिसी विकली गेली नसती.

पण तुमचं नशीब चांगलं. पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत, अटी पटल्या नाहीत म्हणून ती परत करता येते. याला फ्री लुक म्हणतात. तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे, स्टॅम्प ड्यूटी आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकी रक्कम परत मिळते. तुमच्याकडे 14 दिवस आहेत. पॉलिसी मुलीच्या नावावर, म्हणून अर्जावर सही तिची. अर्ज विमा कंपनीला द्यायचा. बँकेत दिलात तर "मॅडम सुट्टीवर आहेत" मध्ये आठवडा जाईल. तारखेचा शिक्का असलेली पोच घ्या, ईमेलही टाका. कुणी फोन करून "एक वर्ष तरी चालवा" म्हणालं तर ऐकून घ्या आणि फोन ठेवा. कंपनीनं टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार, त्यानंतर विम्याच्या तक्रारी सोडवणारे भोपाळचे विमा लोकपाल. मध्य प्रदेश त्यांच्याच कक्षेत येतो.

आता सिंगापूर. 4,000 च्या हिशेबानं 56,000 होतात, 34,000 कमी पडतात. 6,500 टाकले तर 91,000. घरी जेवणाऱ्या, भाडं न देणाऱ्या मुलीला 24,000 तून 6,500 जड नाहीत. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीतल्या फेऱ्या थोड्या कमी होतील, एवढंच. बँकेत 14 महिन्यांची आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायचं खातं, उघडा. पोस्टाची नको, ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांआधी बंद करता येत नाही. व्याज तीन-साडेतीन हजारांच्या आसपास मिळेल, त्यावर कुणी श्रीमंत होत नाही. म्हणून शेअरच्या एसआयपीचा सल्ला कुणी दिला तर तोही नको, 14 महिन्यांत बाजार कुठे असेल सांगता येत नाही. आणि "आधी फिरा, मग हप्ते भरा" असं कर्ज तर मुळीच नको. डिसेंबर सुट्ट्यांचा महिना, विमान महाग. मैत्रिणी ऐकत असतील तर फेब्रुवारी बघा. दोन हप्ते जास्तही पडतील.

परत आलेले साठेक हजार तिला देऊ का, असं विचाराल. नको. एफडी मोडून गेले होते, एफडीतच परत जाऊ देत. द्यायचेच असतील तर पासपोर्टच्या फीचे 1,500 द्या.