जुन्या कीटकसंग्रहातील गावांची नावे दुरुस्त करू नका

महाविद्यालयातील जुन्या कीटकसंग्रहाच्या नोंदी संगणकावर आणायच्या आहेत, त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, खर्च किती येईल आणि नोंदी भरतानाच गावांची नावे आजच्या अधिकृत यादीप्रमाणे दुरुस्त करून घ्यावीत का, असे आपण विचारले आहे. पहिल्या दोन प्रश्नांकडे मी शेवटी येतो. तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते सविस्तर दिल्याशिवाय मला राहवणार नाही. मी कोल्हापुरात अनेक वर्षे प्राणिशास्त्र शिकवले. याच मुद्द्यावरून आमच्या तेव्हाच्या विभागप्रमुखांशी माझा जो वाद झाला, तो ते निवृत्त होईपर्यंत मिटला नाही.

आमच्या विभागात १९६० आणि १९७० च्या दशकांतील सहलींमध्ये गोळा केलेल्या कीटकांच्या पेट्या होत्या. त्यांच्या नोंदी संगणकावर आणण्यासाठी अनुदान मिळाले आणि ते नेहमीप्रमाणे मार्चअखेर संपवायचे होते. विभागप्रमुखांनी नोंदी भरणाऱ्या मुलांच्या हाती महसुली गावांची यादी दिली आणि लेबलवरचे नाव त्या यादीत ज्या नावाशी जुळेल ते भरावे, असे सांगितले. संग्रहातील बऱ्याच लेबलांवर नुसते ‘बावडा’ एवढेच लिहिलेले होते. शहराला लागून असलेले कसबा बावडा सर्वांच्या ओळखीचे, म्हणून त्या साऱ्या नोंदी कसबा बावड्याच्या नावावर गेल्या.

त्यांत सावलीतल्या झऱ्यांवर राहणारा एक चतुर होता. कसबा बावड्यात पंचगंगेचे पात्र आहे, ऊस आहे, साखर कारखाना आहे, परंतु घनदाट झाडीखालचा झरा तिथे कुठून येणार? मला शंका आली म्हणून मी सहलींच्या खर्चाच्या जुन्या फायली काढून घेतल्या, आणि लेबलवरच्या तारखेलाच गगनबावड्याच्या विश्रामगृहाचे भाडे भरल्याची पावती त्यांत मिळाली. गगनबावडा कोल्हापूरपासून सुमारे ५५ किलोमीटरवर, थेट घाटमाथ्यावर आहे, आणि तिथे शहराच्या कित्येक पट पाऊस पडतो. आमच्या नोंदी आहेत तशा प्रसिद्ध झाल्या असत्या, तर पुढच्या एखाद्या प्रामाणिक संशोधकाने असा निष्कर्ष काढला असता की, पन्नास वर्षांपूर्वी हा चतुर पंचगंगेकाठी राहत होता आणि ऊस व प्रदूषणामुळे तिथून नाहीसा झाला. हा निष्कर्ष ऐकायला पटण्यासारखा आहे, आणि म्हणूनच तो धोकादायक आहे. कधी न घडलेल्या ऱ्हासाची नोंद आम्ही आमच्याच हातांनी तयार करून ठेवली असती.

‘संगणकाला संदिग्धता चालत नाही, रकान्यात एकच नाव हवे,’ हे विभागप्रमुखांचे म्हणणे होते. शोध घेण्यासाठी नावांत एकसारखेपणा लागतो, हे मला मान्य आहे. पण त्यासाठी मूळ मजकूर पुसावा लागत नाही. संग्रहालये ज्या डार्विन कोअर या मानकानुसार नोंदी ठेवतात, त्यात लेबलवर अक्षरशः लिहिलेल्या स्थळासाठी आणि तारखेसाठी स्वतंत्र रकाने आहेत. आपण लावलेला अर्थ, अक्षांश-रेखांश आणि त्यांतील संभाव्य चूक किती मीटरची असू शकते, यांसाठी वेगळे रकाने आहेत. दोन बावड्यांपैकी कोणता हे ठरत नसेल, तर अक्षांश-रेखांश रिकामे सोडावेत. माझे स्पष्ट मत आहे की, पेटीत पडून राहिलेली संदिग्ध नोंद कोणाची दिशाभूल करत नाही. तीच नोंद नीटनेटकी करून प्रसिद्ध केली की ती एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर जाते आणि नंतर परत बोलावता येत नाही.

आपल्या भागात तर ही काळजी अधिकच घ्यावी लागते. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले, आज कोल्हापूर जिल्ह्यात असलेले चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होते, आणि सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये झाल्यामुळे त्याआधीच्या लेबलांवर आंबोली रत्नागिरी जिल्ह्यात दाखवलेली सापडेल. चंदगडपुढे ‘बेळगाव जिल्हा’ लिहिणारा संग्राहक चुकलेला नव्हता. त्याला दुरुस्त करणाऱ्याला मात्र इतिहास माहीत नसतो.

तारखांचेही तेच आहे. ‘७-६-७१’ असे एक्सेलमध्ये भरले आणि संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असली, तर ७ जूनचा ६ जुलै होतो. १९२८ सालचे ‘२८’ तर २०२८ होऊन बसते. उसाची मुळे खाणाऱ्या हुमणी या अळीचे भुंगेरे वळवाचे पाऊस झाले की संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब आणि बाभळीवर येतात. पूर्वी ते कधी निघत आणि आता कधी निघतात, हे तपासण्यासाठी जुन्या लेबलांवरील तारखा फार मोलाच्या आहेत, आणि उसाच्या या जिल्ह्यात त्याचे महत्त्व मी सांगायला नको. महिनाभर सरकलेली तारीख तिथे खोटाच हवामानबदल दाखवील. म्हणून तारखेचा रकाना मजकूर स्वरूपात ठेवा आणि दिवस, महिना, वर्ष हे पुढे वेगवेगळे भरा. शास्त्रीय नावांनाही हाच नियम लावा: जुने नाव आहे तसे राहू द्या, आजचे शेजारी लिहा.

आता सॉफ्टवेअर. काही हजार नमुन्यांसाठी साधी स्प्रेडशीट पुरते. मोठा संग्रह असेल तर संग्रहांच्या नोंदी ठेवण्यासाठीचे स्पेसिफाय हे मोफत सॉफ्टवेअर आहे, आणि संस्थेची नोंदणी झाल्यावर जीबीआयएफवर, म्हणजे जीवजातींच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संकेतस्थळावर, माहिती प्रसिद्ध करण्यास शुल्क लागत नाही. खर्चाचा मोठा वाटा सॉफ्टवेअरचा नसून, लेबल वाचू शकणाऱ्या माणसाच्या वेळेचा असतो. प्रत्येक नमुन्याला क्रमांक द्या, नमुना आणि लेबल यांचे एकत्र छायाचित्र घ्या, आणि नवीन पेटीत हलवताना जुने लेबल त्याच टाचणीखाली परत लावा.

हे सारे छोट्या महाविद्यालयीन संग्रहांबद्दल आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमसारख्या ठिकाणी तीन कोटींहून अधिक कीटक आहेत. तिथे एकेक लेबल हाताने उतरवणे शक्य नसते, म्हणून अनेकदा कीटकांचा अख्खा खण एका छायाचित्रात टिपतात. तसेच, दुर्मीळ आणि विक्रीसाठी पकडल्या जाणाऱ्या जातींचे नेमके स्थळ सर्वांसाठी खुले करू नये. ते संस्थेकडे राहू द्यावे.

आपल्याकडेही कोणी वरिष्ठ गावांची यादी घेऊन आले, तर त्यांच्याशी वाद घालत बसू नका. त्यांच्या दुरुस्तीसाठी एक रकाना उघडा, आणि त्याला लागून ‘दुरुस्ती कोणी केली, कोणत्या तारखेला, कोणत्या आधारावर’ असे आणखी तीन रकाने ठेवून ते त्यांनाच भरायला सांगा.