डोंगल होस्टलाच राहू द्या, आणि आधी इमेज तपासा

केव्हीएमच्या (लिनक्सवर आभासी मशीन चालवणाऱ्या यंत्रणेच्या) होस्टला, म्हणजे खऱ्या मशीनला, रँडम आकडे देणारं यूएसबी डोंगल लावलंय, वर बारा व्हीएम (आभासी मशीन) चालतात, तर ते डोंगल कुठल्या व्हीएमला पासथ्रू करू, म्हणजे थेट देऊन टाकू, असा तुमचा प्रश्न आहे. शिवाय गेस्टमध्ये, म्हणजे व्हीएमच्या आत, एन्ट्रॉपी (जमलेल्या रँडमपणाचं माप) कायम 256 वरच अडकलेली दिसते, याची तुम्हाला काळजी वाटतेय.

डोंगल कुठल्याच व्हीएमला देऊ नका. दिलंत तर ते त्या एकाच गेस्टचं होऊन बसतं, उरलेल्या अकरांना काहीच मिळत नाही, आणि ते व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवायची वेळ आली की डोंगल इथेच खोचलेलं राहतं. त्यापेक्षा होस्टवर आरएनजीडी हा पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम चालवा. तो डोंगलमधून येणारे बिट तपासतो आणि होस्टच्या कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) पूलमध्ये, म्हणजे रँडमपणाच्या साठ्यात, घालतो. पुढचं वाटप कर्नलवर सोडा.

प्रत्येक गेस्टला व्हर्च्युओ-आरएनजी, म्हणजे होस्टकडून रँडम आकडे आणणारं आभासी उपकरण, जोडा. लिबव्हर्टच्या (व्हीएम सांभाळणाऱ्या साधनाच्या) एक्सएमएलमध्ये आरएनजीचा एक छोटा भाग घालायचा: मॉडेल व्हर्च्युओ, बॅकएंड रँडम, आणि फाइल म्हणून होस्टवरचं /डेव्ह/यूरँडम (कर्नल इथून रँडम आकडे देतो). जुन्या लेखांत इथे /डेव्ह/रँडम लिहिलेलं सापडेल. 5.6 च्या आधीच्या कर्नलमध्ये ते अडून बसायचं, त्यामुळे एका हावरट गेस्टपायी बाकीचे ताटकळायचे. यूरँडममध्ये ती भानगड नाही, आणि सुरक्षितताही कमी होत नाही. गेस्टमध्ये /सिस/क्लास/मिस्क/एचडब्ल्यू_रँडम खाली आरएनजी_करंट वाचा. तिथे व्हर्च्युओचं नाव दिसलं की जोडणी झाली. माझ्या एका जुन्या गेस्टमध्ये डीमेसेजमधली (कर्नलच्या संदेशांतली) 'सीआरएनजी इनिट डन', म्हणजे रँडम जनरेटर तयार झाला, ही ओळ बूट झाल्यावर दोन-दोन मिनिटं यायची नाही आणि तोवर एसएसएच सुरूच व्हायचं नाही. हे उपकरण जोडल्यावर ती ओळ पहिल्या दोन सेकंदांत येऊ लागली.

256 चं म्हणाल तर तो आकडा बरोबर आहे. 2022 पासून कर्नलचा पूल 256 बिटांचाच आहे, त्यामुळे भरलेला पूल तेवढंच दाखवणार. एकदा एवढं चांगलं बीज (सुरुवातीचा रँडम आकडा) मिळालं की त्यातून हवे तितके आकडे काढता येतात, ते 'वापरून संपत' नाहीत. गेस्टमध्ये कुणी हॅवेज्ड (एन्ट्रॉपी भरणारा जुना प्रोग्राम) बसवला असेल तर काढून टाकलात तरी चालेल.

होस्टवर विश्वास कसा ठेवायचा, असं काही जण विचारतात. साध्या व्हीएममध्ये होस्ट गेस्टची सगळी मेमरी वाचू शकतो. ज्याच्यावर विश्वास नाही अशा होस्टवर गुप्त किल्ल्या ठेवायच्याच नाहीत, रँडमनेस कुठूनही आणा.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आकडे कमी पडण्यापेक्षा ते दोन ठिकाणी सारखे निघण्याचा धोका मोठा आहे. एकदा नवीन व्हीएमवर पहिल्यांदा लॉगिन करताना एसएसएचने नेहमीचा प्रश्न विचारला आणि त्यासोबत सांगितलं की ही होस्ट-की (मशीनची ओळख पटवणारी किल्ली) दुसऱ्या पत्त्यावरही माहीत आहे. मी दोन्ही फिंगरप्रिंट (किल्लीची छोटी ओळखखूण) शेजारी ठेवून अक्षर न अक्षर ताडून पाहिले. तंतोतंत एकच. मूळ इमेज (ज्या डिस्क-प्रतीतून व्हीएम बनतात ती) एकदा बूट करून मग टेम्प्लेट, म्हणजे पुढच्या प्रतींचा साचा, केलेली होती, त्यामुळे तिच्यातून निघालेल्या प्रत्येक मशीनकडे तीच खाजगी किल्ली होती. जगातलं सर्वात महाग डोंगलही इथे उपयोगाचं नाही, कारण किल्ली नव्याने बनतच नव्हती.

किल्ली नव्याने बनली पण बीज कच्चं असलं तरी घात होतोच. 2012 मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरच्या आरएसए किल्ल्या (दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभ्या) गोळा केल्या, तेव्हा कित्येक उपकरणांच्या किल्ल्यांत एक मूळ संख्या सामाईक निघाली. पहिल्याच बूटला, पूल भरायच्या आत त्या बनवल्या गेल्या होत्या. अशा दोन किल्ल्यांचा मसावि काढला की दोन्ही फुटतात.

म्हणून टेम्प्लेट करण्याआधी इमेजमधून एसएसएचच्या होस्ट-की काढा, मशीन-आयडी (मशीनचा ओळख-क्रमांक) रिकामा करा आणि सिस्टमडीची (लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामची) रँडम-सीड, म्हणजे साठवलेल्या बीजाची, फाइल पुसा. मेमरीसकट घेतलेला स्नॅपशॉट (चालू व्हीएमची गोठवलेली प्रत) दोनदा उठवत असाल तर व्हीएम-जेनआयडी (प्रत उठली की बदलणारा ओळख-क्रमांक) जोडा. 5.18 पासून लिनक्सचा कर्नल तो ओळखतो आणि प्रत उठली की लगेच नवीन बीज घेतो. पण हे कर्नलपुरतंच झालं. एखाद्या प्रोग्रामने स्वतःच्या मेमरीत जनरेटरची अवस्था धरून ठेवली असेल तर ती दोन्ही प्रतींत सारखीच राहते, म्हणून अशा सेवा प्रत उठवल्यावर रीस्टार्ट करा.

आज पहिलं काम म्हणून बाराही मशीनवर एसएसएच-कीस्कॅन (मशीनच्या होस्ट-की गोळा करणारी आज्ञा) चालवा आणि निकाल एकत्र लावून बघा. दोन ओळींत किल्ली जुळली, तर त्या मशीनच्या किल्ल्या बदलून होईपर्यंत डोंगलला हात लावू नका.