घाटातील सायकल शिबिर: तयारी कशी करावी?

प्रश्न: माझे वय ४४ असून रविवारी घोडबंदर रस्त्याने साठ किलोमीटर सायकल मी सहज चालवतो. डिसेंबरात महाबळेश्वर परिसरातील चार दिवसांच्या शिबिराला जायचे आहे. एवढी तयारी पुरेल का?
– एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर: पहिल्या दिवसापुरती कदाचित पुरेल. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे निघालेला सायकलस्वार कोकणतळातून सुमारे १,३५० मीटर उंचीवर पोहोचतो, आणि खरी अडचण म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच थकलेल्या पायांनी पुन्हा चढायचे असते. म्हणून आठवड्यातून एकच लांब फेरी मारण्याऐवजी शनिवारी व रविवारी, लागोपाठ, ठाण्याजवळच्या येऊर टेकडीचा चढ तीन-चार वेळा चढावा. पहिली फेरी तर इतकी संथ असावी की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. (येऊरला रविवारी बोलणाऱ्यांची वाण नसते.)

मागच्या कॅसेटची (मागच्या चाकावरील दातेरी चकत्यांच्या संचाची) सर्वांत मोठी चकती २५ दातांची असेल, तर ती बदलून ३२ दातांची बसवून घ्यावी, म्हणजे चढावर पेडल हलके फिरते. महागड्या हलक्या चाकांपेक्षा गुडघ्यांना हा खर्च अधिक मानवतो. खाणे भूक लागण्यापूर्वीच सुरू करावे. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात, म्हणजे साधारण एक-दोन केळी आणि थोडी चिक्की.

उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नये. वळणापूर्वी वेग कमी करून ब्रेक सोडावा, कारण रिम ब्रेकच्या (चाकाच्या धातूच्या कड्यावर, म्हणजे रिमवर, दाबणाऱ्या ब्रेकच्या) सायकलीत रिम तापून ट्यूब फुटू शकते.