मान ‘मोडून’ घेण्याआधी : कायरोप्रॅक्टिकविषयी प्रश्नोत्तरे

गेल्या काही आठवड्यांत आलेले जवळजवळ निम्मे प्रश्न एकाच विषयाचे आहेत. मोबाइलवर कुणीतरी पालथं झोपलेलं असतं, दुसरा त्याच्या पाठीला किंवा मानेला हिसका देतो, कडकन आवाज येतो आणि पेशंट हसत उठतो. या प्रकाराला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. हे बघून पुण्यातली माणसं आता असा हिसका देऊन घ्यायला जागा शोधत फिरताहेत. मी हाडांचा डॉक्टर आहे, कायरोप्रॅक्टर नाही, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

प्रश्न : कायरोप्रॅक्टिक म्हणजे आपल्या हाडवैद्याचंच इंग्रजी नाव ना? (वारजे)

नाही. हाडवैद्य मोडलेलं हाड बांधतो, निखळलेला सांधा चढवतो. कायरोप्रॅक्टिक हा पाठीच्या कण्याभोवती उभा राहिलेला स्वतंत्र व्यवसाय आहे. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये त्याची सुरुवात केली. त्याआधी ते चुंबकीय उपचार करत. नाव ग्रीक आहे: हाताने केलेली क्रिया. इमारतीत सफाईचं काम करणाऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या एका माणसाचा मणका आपण दाबून बसवला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, असा पामर यांचा दावा होता. मणके जागचे हलतात, नसा अडखळतात आणि बहुतेक आजार त्यातूनच होतात, असा सिद्धांत त्यांनी त्यावर उभारला. तो टिकला नाही. ऐकण्याची नस मुळात मानेच्या मणक्यांतून जातच नाही. आज परदेशातले बरेच कायरोप्रॅक्टर हा सिद्धांत सोडून पाठ, कंबर, मान यांच्या दुखण्यापुरतं काम करतात. मधुमेह, दमा, थायरॉइड ‘मणक्यातून’ बरा करतो म्हणणाऱ्याच्या दारात पाऊल टाकू नका.

प्रश्न : ते नावाआधी ‘डॉ.’ लावतात. मग ते डॉक्टरच झाले ना? (पिंपरी)

कुठे शिकले, यावर आहे. अमेरिकेत हा परवानाधारक व्यवसाय आहे. ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्याने नोंदणी सक्तीची केली, नोंदणीशिवाय कुणी स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये या शिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत पूर्ण शिक्षण म्हणजे चार वर्षं, किमान ४२०० तास, आणि त्यातले हजार तास देखरेखीखाली पेशंट तपासणं. आपल्याकडे मात्र या व्यवसायासाठी कायद्याने नेमलेली वेगळी परिषद नाही. त्यामुळे परदेशात चार-पाच वर्षं शिकून आलेला आणि शनिवार-रविवारची कार्यशाळा करून पाटी लावलेला, दोघांची पाटी सारखीच दिसते. पदवी कुठली, किती वर्षांची, नोंदणी कुठे, हे तोंडावर विचारा. फिजिओथेरपिस्ट असतील तर महाराष्ट्रात त्यांच्यासाठी राज्य परिषद आहे, तिचा नोंदणी क्रमांक मागा. संकोच कसला? मान तुमची आहे.

प्रश्न : कडकन आवाज आला म्हणजे मणका जागेवर बसला का? (धनकवडी)

नाही. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. बोटं मोडताना येतो तोच.

प्रश्न : आयटीत आहे, दहा तास खुर्चीत. तीन आठवडे कंबर धरली आहे. कायरोप्रॅक्टिकचा काही उपयोग होतो की सगळं थोतांड? (हिंजवडी)

थोतांड नाही. साध्या कंबरदुखीत मणक्यांवर हाताने केलेल्या उपचारांनी थोडा आराम पडतो, साधारण व्यायामाने पडतो तेवढाच. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये कंबरदुखीसाठी औषधांआधी करायच्या उपायांत शेक, मसाज यांच्या बरोबरीने हा उपचारही धरला आहे. ब्रिटनचा २०१६ चा सल्ला अधिक नेमका आहे: करायचा तर व्यायामाच्या जोडीने, एकटा नाही. टेबलावर झोपून दुसऱ्याने केलेलं तेवढं हवं आणि स्वतः उठून चालायला नको, ही मागणी मी रोज ऐकतो. तसं होत नाही. तीन आठवडे झालेत, तेव्हा एकदा तपासून घ्या. जांघेतला, सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झाला, लघवी अडकली किंवा पाय लुळा पडू लागला, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच तासाला हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : केस कापून झाल्यावर आमचा सलूनवाला चंपी करून मान दोन्हीकडे मोडून देतो. वीस वर्षं करतोय, काही झालं नाही. आता मुलगाही करून घेतो. चालेल ना? (सदाशिव पेठ)

चालणार नाही. आजच बंद करा, मुलाचं आधी.

मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांना असलेल्या भोकांतून वर चढतात. सर्वांत वरच्या मणक्याशी त्या वळण घेऊन कवटीत शिरतात. मान आपण सर्वांत जास्त फिरवतो ती नेमकी तिथेच. बेसावध माणसाची मान जोरात फिरवली, तर त्या वळणावर धमनीला ताण बसतो. क्वचित तिचं आतलं अस्तर फाटतं. तिथे गुठळी धरते आणि ती वर गेली की पक्षाघात. हे विरळा आहे, आणि धमनी आधीच फाटलेली असल्यामुळे मान दुखते आणि म्हणून माणूस मान दाखवायला जातो, असंही घडतं. म्हणजे हिसका कारण होता की निमित्त, हे दर वेळी सांगता येत नाही. पण या शंकेचा फायदा मी हिसक्याला देणार नाही. असा पक्षाघात तरुणांनाही होतो. रीळ बघून मित्राची मान मोडणारी कॉलेजची मुलं आणि रविवारी सकाळी सलूनच्या बाकावर बसलेले त्यांचे वडील, दोघांचीही मला सारखीच काळजी वाटते.

शिकलेला माणूस मानेला हात लावण्याआधी प्रश्न विचारतो: चक्कर येते का, रक्तदाब आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हातात मुंग्या येतात का. तो मान तपासतो, काय करणार ते सांगतो, तुमची परवानगी घेतो. आणि बऱ्याचदा हिसका देतच नाही, सावकाश हालचाली देतो. सलूनमध्ये यातलं काही होत नाही. त्यात त्या माणसाचा दोष नाही, ते त्याचं काम नाही.

मान मोडून घेतल्यावर, त्याच दिवशी किंवा काही दिवसांनी, पूर्वी कधी नव्हती अशी मान किंवा डोक्याचा मागचा भाग दुखू लागला, चक्कर, दोन-दोन दिसणं, बोबडं बोलणं, गिळायला त्रास, चालताना झोक जाणं यातलं काही झालं, तर झोपून बघू म्हणू नका. १०८ लावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि पुण्याच्या वाहतुकीत त्यातला अर्धा-पाऊण तास सहज जातो.

‘वीस वर्षं काही झालं नाही’ हे हेल्मेट न घालणारेही मला सांगतात.

प्रश्न : एका सेंटरने एक्स-रे काढून ‘मानेचा बाक गेलाय’ म्हणून तीस सिटिंगचं पॅकेज सांगितलं. आजच पैसे भरले तर सवलत. घ्यावं का? (कोथरूड)

घेऊ नका. मानेचा बाक कमी असणं हे दुखणं नसलेल्या माणसांतही दिसतं. दोन-चार वेळा जाऊन फरक पडतो का ते बघायचं, मग पुढचं ठरवायचं. फरक पडतो का हे बघण्याआधीच तीस सिटिंग लागतील हे कसं कळलं? ‘मणक्यात गॅप’ हा शब्दही असाच भीती घालायला वापरतात. तोच एक्स-रे सोबत नेऊन दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

प्रश्न : उसण भरली की सासूबाई पायाळू (जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या) माणसाचा पाय कमरेला लावून घेतात. वय ७१. (सिंहगड रस्ता)

उसण बहुतेकदा काही दिवसांत आपोआप उतरते, श्रेय पायाला मिळतं. नुसता स्पर्श असेल तर माझं भांडण नाही. भार मुळीच देऊ नका, या वयात ठिसूळ मणका तेवढ्यानेही चेपतो. हाडांची घनता तपासून घ्या.

प्रश्न : चार महिन्यांचं बाळ रात्री फार रडतं. कायरोप्रॅक्टरकडे न्यावं का? (बाणेर)

नाही. बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

प्रश्न : यजमानांची पाठ चार महिने दुखते आहे, रात्रीही. संध्याकाळी कणकण असते, सहा किलो वजन उतरलं. आधी मालिश केली, मग मणका बसवून घेतला, आता कुणी कायरोप्रॅक्टर सुचवलाय. (हडपसर)

ताई, कुणाकडूनही पाठीला आता हात लावून घेऊ नका. रात्रीचं दुखणं, ताप आणि उतरतं वजन एकत्र आलं की आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग आधी मनात येतो, गाठही असू शकते. अशा पोखरलेल्या मणक्यावर जोर दिला तर पाय जाऊ शकतात. चार महिने फुकट गेले याचं मला फार वाईट वाटतं, कारण क्षयरोग असेल तर तो औषधांनी बरा होतो, आणि सरकारी केंद्रात ती मोफत मिळतात. उद्या सकाळी ससूनच्या किंवा जवळच्या कुठल्याही हॉस्पिटलच्या अस्थिरोग विभागात जा, रक्ततपासणी आणि एमआरआय सांगतील तो करून घ्या. आधी कुठे, किती वेळा मणका दाबून घेतला, हे न लपवता सांगा. पायांत जोर कमी वाटत असेल, तर उद्यावरही ढकलू नका, आज रात्रीच न्या.