जर्मनीला निघण्याआधी: डॉक्टर, औषधं आणि विमा, तुमच्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

तुम्ही विचारलंय की तीन महिन्यांनी स्टुटगार्टला जॉइन होताय, बरोबर वहिनी आणि चार वर्षांचा मुलगा, वहिनींना थायरॉईड, तुम्हाला बीपीची गोळी चालू, आणि पुढे आईंना (त्यांना डायबेटिस) काही दिवस बोलवायचंय, तर तिथे डॉक्टर-हॉस्पिटलचं कसं असतं आणि येताना काय काय घेऊन यायचं. आम्हाला हॅनोव्हरला सात वर्षं झाली, मुलगी इथेच मोठी झाली, सासूबाई दोनदा येऊन गेल्या, त्यामुळे यातलं बरंचसं स्वतः ठेचा खाऊन कळलंय. मोठं होईल पण नीट वाचा.

इथे उपचार चांगले मिळतात, त्याची भीती बाळगू नका. अवघड आहे ते आत शिरणं. आजारी पडल्यावर डॉक्टर शोधायला निघालात तर हाल होतात, म्हणून सगळी मांडामांड धडधाकट असताना करायची, पहिल्याच महिन्यात.

विम्याचं आधी उरकते. इथे विमा सक्तीचा आहे आणि दोन प्रकार आहेत, सरकारी नियमांवर चालणारी क्रांकेनकासे (टेक्निकर, एओके, बारमर वगैरे) आणि प्रायव्हेट. कासेचा हप्ता ठराविक मर्यादेपर्यंतच्या पगाराच्या १४.६ टक्के आणि वर प्रत्येक कासेचा थोडा जादा हप्ता, त्यातला निम्मा कंपनी भरते. वहिनी नोकरी करत नसतील तर त्या आणि मुलगा तुमच्याच विम्यात येतात, वेगळे पैसे नाहीत. पगार एका मर्यादेच्या वर असेल (२०२५ मध्ये ती वर्षाला ७३,८०० युरो होती) तर एजंट लोक प्रायव्हेटसाठी मागे लागतात, हप्ता कमी, डॉक्टर लवकर मिळतो, आणि ते खरंही आहे, पण प्रायव्हेटमध्ये बायकोचा वेगळा हप्ता, मुलाचा वेगळा, आधीच्या आजाराचा जास्तीचा, आणि वयाची ५५ उलटल्यावर परत कासेत येणं जवळजवळ अशक्य. बीपी आणि थायरॉईड असलेल्या कुटुंबाने डोळे झाकून कासेत जावं असं माझं स्पष्ट मत आहे. कासे नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लागू होते, म्हणून उतरल्यापासून त्या दिवसापर्यंतची वेगळी ट्रॅव्हल पॉलिसी घ्या, दोन दिवसांचा प्रश्न असला तरी घ्या. कार्ड पोस्टाने यायला काही आठवडे लागतात, तोवर कासेकडून विमा असल्याचं पत्र मागून घ्या, डॉक्टरकडे ते चालतं.

आता मुख्य गोष्ट, हाउसआर्त्स्ट, म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर. सर्दीपासून छातीत धडधडण्यापर्यंत सगळं आधी त्याच्याकडे, तो तपासतो आणि गरज वाटली तर युबरवायझुंग देतो, म्हणजे स्पेशालिस्टसाठीची चिठ्ठी. डोळे, दात, बायकांचे डॉक्टर, मुलांचे डॉक्टर यांच्याकडे थेट जाता येतं, बाकी ठिकाणी चिठ्ठी असलेली बरी आणि एमआरआयसारख्या गोष्टींना ती लागतेच. पण गंमत नाही हो, बऱ्याच दवाखान्यांत नवीन पेशंट घेतच नाहीत, रिसेप्शनवरच "आउफनामेश्टॉप" म्हणून फोन ठेवतात. आम्हाला हे माहीतच नव्हतं. पहिल्या वर्षी आम्ही डॉक्टर शोधलाच नाही, कोणी आजारी नव्हतं ना, मग कशाला. आणि नोव्हेंबरात एका शनिवारी रात्री मुलीचा कान ठणकायला लागला, तीन वर्षांची पोर, रडून रडून गळा बसला, आम्ही घाबरून तिला उचलून थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नेलं आणि तिथे साडेचार तास बसून होतो. कोणी वाईट वागलं नाही, पण तिथे आधी कोण आलं ते बघत नाहीत, कोणाची अवस्था जास्त गंभीर ते बघतात, आणि कानदुखी त्या यादीत खाली असते. पहाटे एका नर्सने शांतपणे सांगितलं की अशा वेळी ११६११७ ला फोन करायचा असतो. हा नंबर आजच फोनमध्ये ठेवा. दवाखाने बंद असताना, रात्री किंवा शनिवार-रविवारी, जीवावरचं नाही पण सोमवारपर्यंत थांबवतही नाही असं काही झालं की ११६११७, ते विचारपूस करून जवळचं ड्युटीवरचं केंद्र सांगतात, गरज पडली तर डॉक्टर घरीही येतो. छातीत दुखणं, श्वास लागणं, तोंड वाकडं होणं, बोलता न येणं, मोठा अपघात, बेशुद्धी, यात मात्र ११६११७ वर वेळ घालवू नका, सरळ ११२, लगेच अॅम्ब्युलन्स येते.

त्या सोमवारी मुलांचे डॉक्टर शोधायला बसलो तर अकरा ठिकाणी फोन केल्यावर एकाने घेतलं. तेव्हा तुम्ही पत्ता नोंदवलात की त्याच आठवड्यात दोन्ही डॉक्टर शोधायला लागा, तुमचा आणि मुलाचा. डॉक्टोलिबसारख्या अॅपवर कोणता डॉक्टर कोणती भाषा बोलतो तेही दिसतं. आणखी एक, फोनवर नाही म्हणाले तर समोर जाऊन उभं राहा, "आम्ही इथेच राहतो, मुलगा चार वर्षांचा आहे" एवढं तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये सांगा, फोनवर मिळालेला नकार आम्हाला दोनदा काउंटरवर होकार होऊन मिळाला. डॉक्टर बहुतेक वेळा इंग्लिश समजून घेतात, रिसेप्शनवरच्या बाई घेतीलच असं नाही. आणि स्पेशालिस्टची वेळ चार-पाच महिन्यांनंतरची मिळाली आणि दुखणं तोवर थांबण्यासारखं नसेल तर हाउसआर्त्स्टला सांगा, तो चिठ्ठीवर तातडीचा कोड देऊ शकतो, तो कोड घेऊन त्याच ११६११७ ला फोन केला की साधारण चार आठवड्यांच्या आतली वेळ शोधून देतात, फक्त डॉक्टर कोणता ते तुम्ही निवडायचं नाही. हे इथे वर्षानुवर्षं राहणाऱ्यांनाही माहीत नसतं.

औषधांचं. स्वतःच्या वापरापुरती औषधं बरोबर आणता येतात, साधारण तीन महिन्यांची, मूळ पाकिटात आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव नको, औषधाचं मूळ नाव आणि डोस इंग्लिशमध्ये टाइप करून घ्या, कारण इथल्या डॉक्टरला आपले ब्रँड कळत नाहीत. आणि नंतर संपली तर घरच्यांना पोस्टाने पाठवायला सांगू नका, युरोपियन युनियनच्या बाहेरून साध्या माणसाने पार्सलने औषधं मागवायला बंदी आहे, कस्टममध्ये अडकतात, आमच्या ओळखीच्या एकांचं पार्सल असंच गेलं आणि ते आठवडाभर गोळीशिवाय राहिले. वहिनींची थायरॉक्सिन इथे सहज मिळते, डोस त्याच मायक्रोग्रॅममध्ये, पण ब्रँड बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, पुन्हा करायला सांगा. एक चांगलं आहे, बाकी औषधांत दुकानदार कासेच्या करारानुसार कंपनी बदलून देतो, थायरॉक्सिनमध्ये त्याला परस्पर बदलायची परवानगी नाही. तुमची बीपीची गोळी कोणती ते लिहिलं नाहीत. टेल्मिसार्टन, अॅम्लोडिपिन असेल तर काही प्रश्न नाही. सिल्निडिपिन असेल तर ते इथे मिळत नाही, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्याही बऱ्याचदा त्या रूपात नसतात, म्हणून निघायच्या दोन महिने आधीच तुमच्या डॉक्टरांशी बोलून इथे मिळेल अशा गोळीवर या आणि बीपी स्थिर झालंय ना ते तिथेच बघून घ्या. विमानात बसायच्या आठवड्यात गोळी बदलू नका.

औषधाचं दुकान म्हणजे आपोथेके, रविवारी बंद. रात्री आणि सुट्टीला पाळीपाळीने एखादंच उघडं असतं, ते कोणतं हे प्रत्येक दुकानाच्या दारावर लावलेलं असतं, तिथे २.५० युरो जास्त घेतात. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळत नाही म्हणजे नाही, आणि डॉक्टरही पटकन लिहीत नाहीत, तापाला "आराम करा, पाणी प्या, तीन दिवसांनी या" म्हणतात. सुरुवातीला मला याचा फार राग यायचा, वाटायचं हे आपल्याकडे लक्षच देत नाहीत. आता वाटतं बरं करतात. पण तुमच्या मनात खरंच शंका असेल, ताप उतरत नसेल, तर गप्प बसू नका, परत जा, "गेल्या वेळेपेक्षा जास्त वाटतंय" असं स्पष्ट बोला, इथे बोललं नाही तर बरं आहे असं समजतात. २०२४ पासून औषधांची चिठ्ठी सहसा कागदावर मिळत नाही, कार्डावरून दुकानात दिसते. दर औषधामागे तुम्ही ५ ते १० युरो भरायचे, १८ च्या आतल्या मुलांना काही नाही. हॉस्पिटलात राहावं लागलं तर दिवसाला १० युरो, तेही वर्षात जास्तीत जास्त २८ दिवसांचे. आणि कार्ड दर तीन महिन्यांतून एकदा दवाखान्यात दाखवावं लागतं, नवी तिमाही लागली की चिठ्ठी मागायच्या आधी कार्ड घेऊन जा.

मुलाच्या लसीकरणाचं पुस्तक जिवापाड जपा. गोवरची लस घेतल्याचा पुरावा नसेल तर किटामध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत, घेत नाहीत, २०२० पासून कायदाच आहे. तारखा आणि लसींची नावं इंग्लिशमध्ये, सही-शिक्क्यासकट. मुलांच्या ठरलेल्या तपासण्या असतात, यू१ ते यू९, तुमच्या मुलाच्या वयाला यू८ येते, ती फुकट असते आणि त्यात बोलणं, चालणं, ऐकणं सगळं बघतात. घरात मराठी बोलतो म्हणून जर्मन कमी येतं हे डॉक्टरना आधीच सांगा आणि कोणी काही म्हणालं तरी मुलाशी मराठीत बोलणं बंद करू नका.

दातांची कामं येण्याआधी करून या. इथे तपासणी कासे देते, पण कॅप-ब्रिजला एक भागच देते. दरवर्षी तपासून घेतल्याची नोंद एका छोट्या वहीत करतात, ती पाच वर्षं सलग भरली तर कासे जास्त वाटा उचलते, म्हणून पहिल्या वर्षापासून ती वही मागून घ्या. मोठ्यांचा चष्मा साधारण आपल्या खर्चानेच, दोन करून आणा.

आजारी असाल तर सुट्टीची काळजी करू नका. नोकरीला चार आठवडे झाले की पुढे आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार, त्यानंतर कासेकडून साधारण ७० टक्के. त्याच दिवशी सकाळी ऑफिसला कळवायचं, आणि तीन दिवसांपेक्षा जास्त असेल तर डॉक्टरची नोंद लागते, काही कंपन्या पहिल्याच दिवसापासून मागतात, कॉन्ट्रॅक्टमध्ये बघा. ताप अंगावर काढून ऑफिसला जाण्यात इथे कोणाला कौतुक वाटत नाही.

थंडीबद्दल कोणी सांगत नाही म्हणून सांगते. ऑक्टोबर ते मार्च इथल्या उन्हात अंगात ड जीवनसत्त्व तयार होण्याइतका जोर नसतो, आणि आपल्या सावळ्या कातडीला त्याहून जास्त ऊन लागतं. येण्याआधी तपासणी करून घ्या, इथे नुसतं सहज म्हणून करायला सांगितलं तर पैसे आपणच भरतो. आणि मनाचं. नवरा ऑफिसात माणसांत असतो, बायको चार भिंतींत, साडेचारला अंधार, भाषा येत नाही, माझा पहिला हिवाळा फार वाईट गेला आणि मी तो थकवा समजत राहिले. तुम्ही वहिनींकडे लक्ष ठेवा, थायरॉईड असल्यामुळे थकवा कुठला आणि उदासी कुठली हे वेगळं करणंही कठीण जातं. सायकोथेरपिस्टकडे पहिल्या भेटीला चिठ्ठी लागत नाही, ती वेळही ११६११७ वरून मिळते, पण पुढच्या नियमित भेटींना महिनोन् महिने थांबावं लागतं, म्हणून सहन होईनासं होईपर्यंत वाट बघू नका.

आईंचं शेवटी लिहिते कारण त्यात चूक महागात पडते. आई-वडील तुमच्या कासेच्या विम्यात येत नाहीत, कितीही पगार असो. व्हिसासाठी ३०,००० युरोची ट्रॅव्हल पॉलिसी लागते, पण व्हिसाला चालते ती पॉलिसी आईंच्या साखरेला चालेलच असं नाही. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा साखर खूप खाली गेली, एक रात्र हॉस्पिटलात काढली, आणि कंपनीने आजार आधीपासूनचा म्हणून पूर्ण बिल नाकारलं, दोन हजार युरोच्या वर आम्ही भरले. दुसऱ्या वेळी आधीच्या आजाराचा अचानक भडका कव्हर होतो असं स्पष्ट लिहिलेली पॉलिसी शोधली, महाग पडली पण घेतली. तेवढी एक ओळ पॉलिसीत बोट ठेवून वाचा, एजंटच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. इन्सुलिन असेल तर हातातल्या बॅगेत डॉक्टरच्या पत्रासकट, चेक-इनच्या सामानात अजिबात नको. साखर मोजायच्या पट्ट्या पूर्ण मुक्कामाच्या आणा. आणि इथल्या एखाद्या लॅबने साखर मिलिमोलमध्ये लिहिली तर १८ ने गुणा, म्हणजे आपल्याला सवयीचा आकडा येतो, सासूबाईंच्या कागदावर ३.१ बघून आम्ही दोघंही आधी काहीच समजू शकलो नव्हतो. गोळ्यांची नावं, आजार आणि तुमचा फोन नंबर एका कागदावर जर्मनमध्ये लिहून त्यांच्या पर्समध्ये ठेवा, कारण दिवसा घरी त्या एकट्या असणार. तुमच्या बीपीच्या आणि वहिनींच्या गोळीचं मूळ नाव आणि डोस मला लिहून पाठवा, इथे कुठल्या नावाने आणि किती ताकदीत मिळते ते मी आपोथेकेत विचारून सांगते.